जागेवरची दाद

अमेरिकेत ॲन आर्बरला मी संशोधन करत होते, तेव्हा आमच्या शेजारी एक कवयित्री राहायची. सत्तरीच्या पुढची, कृष्णवर्णीय, उंच आणि तोंडाची फटकळ. मी तिच्या दारापुढचा बर्फ काढायचे आणि ती खिडकीतून मला सूचना द्यायची. मीही काही कमी फटकळ नाही, त्यामुळे आमचं चांगलं जमलं.

तरुणपणी ती एका हॉटेलच्या काउंटरपाशी जाऊन बसली होती. काळ्या माणसांना तिथे खायला देत नसत. ती उठेना, म्हणून तिला तुरुंगात टाकलं. कोठडीत ती एक ओळ रचून मोठ्याने म्हणायची आणि थांबायची. पलीकडच्या कोठड्यांतल्या बायका ओ द्यायच्या. ओ आली की सगळ्या धड आहेत हे कळायचं. पुढे मोर्चे झाले, पुस्तकं आली, शाळांतून पोरांना कविता शिकवणं सुरू झालं, पण प्रत्येक कडव्यानंतर थांबायची तिची सवय गेली नाही. तिच्या चर्चमध्ये लोक त्या जागेवर ओरडून साथ द्यायचे. युनिव्हर्सिटीत मात्र सगळे श्वास रोखून बसायचे.

२००६ साली तिला अर्धांगवायूचा झटका आला. त्यातून ती काठी टेकत उठली, पण आवाज पार बारीक झाला. तरी युनिव्हर्सिटीने कवितावाचनाला बोलावलं तेव्हा तिने लगेच हो म्हटलं. तिला मीच गाडीतून नेलं. वाटेत ती म्हणाली, "जेलमध्ये मला उत्तर मिळायचं. या विद्वानांकडून आजही मिळालं नाही, तर मी मधेच खाली उतरेन. पुन्हा वाचणार नाही."

ती बोलल्याप्रमाणे करते हे मला माहीत होतं.

मागच्या सीटवर माझ्या सासूबाई होत्या, नागपूरहून सहा महिन्यांसाठी आलेल्या. इंग्रजीचा गंध नाही, पण आयुष्यभर गाण्याच्या बैठकी ऐकलेल्या. निघतानाच मी त्यांना बजावलं होतं, "आई, इथे मधे काही बोलायचं नाही हं. शेवटी फक्त टाळ्या."

"बरं बाई," त्या म्हणाल्या होत्या.

पहिलं कडवं झालं. ती थांबली. हॉल चिडीचूप. आपणच ओरडावं असं मी ठरवून आले होते, पण पुढच्या रांगेत आमचे प्रोफेसर दिसले आणि मी मान खाली घातली. दुसऱ्या कडव्याला आवाज चिरकला. पुन्हा शांतता. तिचा हात काठीकडे गेला. तिसरं कडवं तिने कसंबसं वाचलं आणि ती थांबली.

"वाह! क्या बात है!"

सासूबाईंचा हात हवेत होता. सगळ्या माना आमच्याकडे वळल्या. धरणी पोटात घेईल तर बरं, असं मला झालं. कवयित्रीने मात्र काठी सोडली आणि ती चक्क हसली. मग मागून तिच्या चर्चमधल्या बायकांनी साथ दिली. पुढच्या कडव्याला विद्यार्थी ओरडले, आणि त्याच्या पुढच्याला आमचे प्रोफेसरसुद्धा. ती शेवटपर्यंत उभ्याने वाचत राहिली. मला त्या दोन्ही म्हाताऱ्यांचा असा अभिमान वाटला की डोळे भरून आले.

नंतर तिने मला विचारलं, "ह्यांना माझी कविता कशी कळली?"

सासूबाई म्हणाल्या, "तिला सांग, मला इंग्रजी कळत नाही. पण बाई समेवर बरोबर येते. मग गप्प कसं बसायचं?"

सम म्हणजे ताल फिरून येतो ती दाद द्यायची जागा, हे सांगताना माझी तारांबळ उडाली, पण तिला तो अर्ध्यातच कळला. मग तिने सासूबाईंकडून 'वाह' घोटून घेतलं आणि पुढे आपल्या वर्गातल्या प्रत्येक पोराला शिकवलं.

दोन वर्षांनी ती गेली. श्रद्धांजलीच्या सभेत तिच्या एका विद्यार्थिनीने तीच कविता वाचली. पहिलं कडवं झालं, मुलगी थांबली आणि काळेगोरे सगळे एका आवाजात म्हणाले, "वाह!" या वेळी मीही.

घरी येऊन मी नागपूरला फोन लावला. सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं, नाक ओढलं आणि विचारलं,

"जागेवर आली ना गं दाद?"

"अगदी जागेवर, आई."