गाडीतलं दुसरं माणूस

सुमित्राकाकूंनी उभी हयात अकोल्याच्या शाळेत मुलींना खो-खो शिकवला. नवरा गेल्यावर त्या अमेरिकेत, टेक्सासमधल्या फ्रिस्कोला मुलाकडे, यशोधनकडे राहायला आल्या आणि घरात अडकून पडल्या. मुलगा-सून ऑफिसला, रस्त्यावर चिटपाखरू नाही. एका शिट्टीवर अख्खं मैदान हलवणाऱ्या बाईंना टीव्हीशी बोलायची सवय लागली.

२००८ च्या फेब्रुवारीत शेजारचा अतुल तोंड पाडून चहाला आला. नागपूरचा हा मुलगा रोज डॅलसला ऑफिसला जायचा. उशीर झाला म्हणून त्या दिवशी तो एकटाच कारपूल लेनमध्ये घुसला होता. लेन नव्यानेच सुरू झालेली. गाडीत निदान दोघं हवीत असा नियम. लेन संपते तिथेच पोलीस उभा. सणसणीत दंड बसला.

“दुसरं माणूस नुसतं बसलेलं चालतं का रे?” काकूंनी विचारलं.

“चालतं की.”

“मग उद्यापासून मी बसते.”

यशोधन हबकलाच. “आई, तू काय गाडीतलं सामान आहेस?”

“घरी तरी काय करते? बसूनच असते. तिथे निदान गाडी पुढे जाते.”

आणि त्या खरंच जाऊ लागल्या. अतुल त्यांना ऑफिसजवळच्या लायब्ररीत सोडायचा, संध्याकाळी घेऊन यायचा. तिथे इंग्रजीचा फुकट वर्ग चाले. वर्गात त्यांना रोसा नावाची मेक्सिकन आजी भेटली. दोघींचं इंग्रजी सारखंच मोडकं, त्यामुळे गप्पा झकास रंगायच्या.

एका सकाळी लेनमध्ये असतानाच काकूंच्या डब्याचं झाकण पायाशी पडलं. पट्टा ताणून त्या शोधायला वाकल्या, तोच मागे सायरन वाजला. अतुलला घाम फुटला. गाडी थांबवली, तरी काकू खालीच चाचपडत होत्या. पोलीस खिडकीशी येऊन म्हणाला, “एकटेच आहात?”

काकू झाकण घेऊन वर आल्या, केस सारखे केले आणि ठणकावून म्हणाल्या, “आय ॲम वन फुल पर्सन, सर!”

पोलीस आधी दचकला, मग पोट धरून हसला. “येस, मॅम,” म्हणत त्याने टोपीला हात लावला आणि गेला.

“काकू, यार, तुम्ही ग्रेट आहात!” ऑफिस येईपर्यंत अतुलचं हसू थांबेना.

उन्हाळ्यात त्याचं ऑफिस घराजवळच्या प्लेनोला हललं, म्हणजे डॅलसची रोजची फेरीच बंद. हे सांगताना तो फार अवघडला. काकू “बरं” एवढंच म्हणाल्या, आणि पुन्हा टीव्हीशी बोलू लागल्या. शेवटी रोसाचाच फोन आला. प्लेनोहून डॅलसला ट्रेन येते, तू बस, मी उतरवून घ्यायला उभी राहते.

पहिल्या दिवशी यशोधन त्यांना स्टेशनवर सोडायला गेला. “फोन चार्ज केलायस ना? कुठे उतरायचं लक्षात आहे ना?” तो पुन्हा पुन्हा विचारत राहिला. ट्रेन हलली तसा त्याने हात उंचावला. काकूंचं लक्षच नव्हतं. शेजारच्या बाईला त्या हातवारे करून काहीतरी सांगत होत्या, आणि ती बाई खळखळून हसत होती.