काचेतला बस्ता

"इथं बसायचं नसतं, फिरायचं असतं."

हे वाक्य आमच्या साहेबांनी जितक्या लोकांना ऐकवलं, तितक्या साड्या विकल्या असत्या तर आज देवपुरात त्यांचा पुतळा उभा असता. वाक्य म्हणताना उजव्या हाताची दोन बोटं हवेत अशी गोल फिरवायचे, जसं काही गिऱ्हाईक म्हणजे भोवरा. आणि गिऱ्हाईक फिरायचंही बरं का. दारातून आत, आत मोठा आरसा होता तिथपर्यंत, आरशात बघून कुंकू सारखं करायचं, की आल्या वाटेने बाहेर.

धुळ्यात पांझरेच्या एका अंगाला जुनी कापडपेठ, आणि पूल ओलांडला की देवपूर. तिकडे नोकरदारांच्या कॉलन्या नव्यानेच उठत होत्या, तेव्हाची ही गोष्ट. कुणाला तरी वाटलं की या लोकांना आता शॉपिंग सेंटर पाहिजे. झालं, बांधलं तीन मजली. त्याचा खालचा अख्खा मजला आमच्या साहेबांनी घेतला आणि डिपार्टमेंटल स्टोअर काढलं. साबणापासून साडीपर्यंत सगळं एका छताखाली. धुळ्यातलं पहिलं, असं ते म्हणत. खरंच असेल. पहिला पडणाराही कुणीतरी लागतोच.

मी साड्यांच्या काउंटरवर होते. आम्हा सगळ्या बायकांना एकसारखी आकाशी पॉलिस्टरची साडी आणि छातीवर नावाची पट्टी. एकमेकींना ताई, अक्का म्हणायचं नाही, मॅडम म्हणायचं. काउंटरमागे स्टूलसुद्धा नव्हतं. गिऱ्हाईक उभं तर आपण उभ्या, गिऱ्हाईक नाही तरी आपण उभ्याच. संध्याकाळी घरी गेले की पायाच्या पोटऱ्या लाकडासारख्या व्हायच्या.

साहेबांच्या वडिलांचं पेठेत कापडाचं दुकान होतं. पांढरी गादी, लोड, आल्यागेल्याला चहा. वडील गेले आणि यांनी ते विकून टाकलं. मधे कधीतरी मुंबईला जाऊन मोठमोठी दुकानं बघून आले होते. काय बघितलं? तर काच बघितली. आम्हाला सांगायचे, "मुंबईत लोक उभ्याने साड्या घेतात."

घेत असतील. मुंबईत लोक उभ्याने जेवतातही म्हणे. म्हणून आपण पाटावरून उठायचं का?

दारात आणखी एक तऱ्हा. पिशवी बाहेर ठेवायची आणि बिल्ला घ्यायचा. शिंदखेड्याकडची एखादी बाई यायची, तिच्या पिशवीत भाकरी, औषधाची बाटली, नातवाचं झबलं. ती पिशवी सोडेल? एकीने तर वॉचमनला दारातच झाडलं. "आम्ही काय चोर शेतस का? चोर त्या, ज्या माल काचमा लपाडी ठेवतस!" आणि गेली तरातरा पुलाकडे. साहेब हसले. म्हणाले, "हे आपलं गिऱ्हाईक नाही." त्यांचं गिऱ्हाईक कोण, ते मात्र आम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही. कॉलनीतल्या मास्तरणी यायच्या, साडीचा काठ बोटांत धरून बघायच्या, किमतीची चिठ्ठी उलटी-सुलटी करायच्या. "काही कमी होईल?" असं विचारलं की साहेब भिंतीवरच्या पाटीकडे बोट दाखवायचे: एकच भाव. बाई साडी ठेवून निघायची. अहो, घासाघीस म्हणजे काय नुसते पैसे असतात का? तेवढंच बोलणं होतं माणसाशी.

शॉपिंग सेंटरची तर गंमतच. तिथे लिफ्ट होती. म्हणजे लिफ्टचं दार होतं. रविवारी लोक पोरांना घेऊन ते दार बघायला यायचे. वर ग्रीटिंग कार्डांचं दुकान होतं ते आधी मिटलं. मग आइस्क्रीमवाला गेला, कारण वीज जायची आणि त्याचं आइस्क्रीम दूध होऊन बसायचं. व्हिडिओ लायब्ररीवाला रातोरात कॅसेटी घेऊन गेला. जिन्यात शेळ्या बसायला लागल्या. दुपारच्या उन्हात तिथे गारवा छान होता, शेळ्यांना अक्कल जास्त. साहेब रोज सकाळी जिन्यापाशी उभे राहून म्हणायचे, "लोकांना सवय व्हायला वेळ लागतो." तुम्हीही असा एखादा माणूस बघितला असेल. बुडत्या होडीत बसून पाण्याला शिस्त लावणारा.

अशात त्यांच्या मुलीचं लग्न ठरलं. मुलगी गुणी, माझ्या काउंटरवर येऊन गप्पा मारायची, मला चोरून मावशी म्हणायची. सासर चोपड्याकडचं, केळीवालं, मोठं खटलं. त्यांच्याकडचा बस्ता म्हणजे काय सांगू! नवरीच्या शालूपासून चुलत मावशीच्या चोळीपर्यंत सगळं कापड एका बैठकीत. साहेबांनी आम्हा सगळ्यांना गोळा केलं.

"हा बस्ता इथं बांधला गेला की पेठ संपली," ते म्हणाले. "सगळा जिल्हा आपल्याकडे येईल. आणि नाही बांधला गेला, तर आपण संपलो. दिवाळीच्या आत शटर."

शटर म्हणजे आमचाही पगार बंद. त्या दिवशी कुणी हसलं नाही.

मुलगी म्हणाली, "पप्पा, निदान चार गाद्या टाका. एक दिवसापुरत्या."

साहेब काच पुसत होते. पुसतच राहिले. मग तिच्याकडे न बघता म्हणाले, "गादीच टाकायची होती, तर बापाचं दुकान काय वाईट होतं?"



पाहुणे आले ते दोन जीप भरून. सगळ्यांत पुढे नवऱ्यामुलाची मोठी आत्या, तिला सगळे अक्का म्हणत. नऊवारी, हातात काठी, आवाज असा की केळीच्या बागेच्या या टोकाचं त्या टोकाला ऐकू जावं. आत आल्या आणि आम्हा सगळ्या उभ्या आकाशी साड्यांकडे बघत दारातच थांबल्या.

"बठ्ठा उभाच शेतस! कोन मरी गयं?"

साहेब पुढे झाले. "अक्का, या ना. असं फिरत फिरत बघा."

"फिरत फिरत? बस्ता काय चालता चालता बांधतस का? आपण काय भाजी लेवाले येल शेतस?" अक्कांनी चारी दिशांना बघितलं. "आठे बसानं कोठे?"

बसायला दुकानभर एकच जागा होती, आणि अक्कांना ती बरोबर दिसली. रस्त्याकडच्या काचेत प्लास्टरच्या दोन बाहुल्या साड्या नेसून उभ्या होत्या. खाली हातभर उंच ओटा, त्यावर लाल गालिचा. अक्कांनी एका बाहुलीला कमरेला धरून बाजूला सारलं, वर चढल्या आणि मांडी घालून बसल्या. त्यांच्यामागून सगळ्या बायका. लेकरं, पिशव्या (व्याह्यांना बिल्ला कोण देणार!), पानाचा डबा. बाहुल्यांच्या पायांशी ऐसपैस बैठक जमली.

"हां. दखाडा आते," अक्का मला म्हणाल्या.

मी साड्यांचा ढीग उचलून नेला आणि काय सांगू, काचेबाहेर माणूस थांबायला लागलं! आधी भाजीच्या पिशव्या घेतलेल्या दोघी, मग सायकलवाले, मग रिक्षा. अक्का साडी अंगावर घेऊन बघायच्या आणि बाहेरच्या बायका काचेतून माना हलवायच्या, ही नको, ती हिरवी. एक तर खूण करून विचारत होती, केवढ्याला? त्या दुकानापुढे मी पहिल्यांदा गर्दी बघितली. मला वाटलं, वाचलो. पंचवीस वाजंत्री लावून झाली नसती अशी जाहिरात फुकटात होत होती. दोन बायका तर बिल्ला घेऊन आतही आल्या.

आणि मघाशी भारी शालू काढायला गोदामात गेलेले आमचे साहेब बाहेर आले. त्यांनी ओटा बघितला, त्यावर तंबाखूची डबी बघितली, एका पोराने बाहुलीचा हात काढून घेतलेला बघितला. चेहरा असा झाला की कुणी देव्हाऱ्यात चपला घालून शिरलंय. गेले, वाकले.

"अक्का, ही बसायची जागा नाही. शोकेस आहे ती. जरा उठता का?"

माझ्या हातातली साडी तशीच राहिली. मुलीने डोळे मिटून घेतले.

अक्का फक्त "बरं" म्हणाल्या. काठी घेतली, उतरल्या. बाहुली होती तिथे परत नीट उभी करून ठेवली, तिचा पदरसुद्धा सारखा केला. मग दाराकडे वळल्या. "उठा बठ्ठा. पेठमा चाला."

बाहेरची गर्दीही पांगली.

दुकान दिवाळीपर्यंतसुद्धा टिकलं नाही, ते इथंच सांगून टाकते. काउंटर भंगारात गेले, आम्ही बायका जिकडेतिकडे. मी शिवणकाम धरलं, बसून. त्या शॉपिंग सेंटरच्या नावाने आजही माझं तोंड कडू होतं. पण बस्त्याच्या त्या संध्याकाळचं अजून राहिलंय.

मुलीने मला हाताला धरून जीपमध्ये घातलं, "मावशी, तुम्ही चला." पूल ओलांडून पेठेतल्या एका जुन्या दुकानात गेलो. अक्का गादीवर लोडाला टेकल्या, चहा आला. साहेब मुलीचे बाप, त्यांना यावंच लागलं. पण ते पायरीवर उभे. दुकानदार म्हातारा होता, त्यांच्या वडिलांना ओळखणारा. "नानांचे चिरंजीव ना? या, बसा," म्हणाला. हे बसले नाहीत.

दुकानातला गडी साड्या दाखवत होता, पण कसा? घडी धरून नुसती पुढे ढकलायचा. अक्का मान फिरवायच्या. ढीग वाढला, एकही साडी ठरेना. साहेब पायरीवर चुळबुळ करत होते. शेवटी चपला काढल्या, गादीवर आले, गड्याच्या हातातून शालू घेतला आणि मनगटाला असा एक झटका दिला की पदर सळसळत जाऊन थेट अक्कांच्या मांडीवर पडला. सगळ्या बायका "आई गं!" म्हणाल्या.

मग तो माणूस थांबेना. कोणाच्या रंगाला काय खुलेल, कोण जाड, कोण नवी विधवा, कोणाला मनातून लाल पाहिजे आणि मागायची लाज वाटतेय, सगळं बघत होता. बोलत होता, हसत होता, घासाघीससुद्धा करत होता, तीही दुसऱ्याच्या दुकानासाठी. अख्खा बस्ता त्याने विकला.

अक्कांनी शालू गालाला लावला. "व्याही, तुमना हात भारी शे. मंग तठे काबर उभा ऱ्हायनात, बापा?"

मग तिथं का उभे राहिलात, हेच मलाही विचारायचं होतं. मला तर असा संताप आला होता! मेल्या, हे हात घेऊन तू आम्हाला इतकी वर्षं काचेमागे उभं केलंस?

गाठोडी जीपमध्ये गेली. पाहुणे हाका मारायला लागले. गादीवर नको झालेल्या साड्यांचा डोंगर पडला होता, आणि साहेब त्याच्या मधोमध बसून एकेक साडी ओढून घडी घालत होते.

"राहू द्या हो, आमची माणसं घालतील," म्हातारा दुकानदार म्हणाला.

"तुमच्या माणसांना काठाला काठ जुळवता येत नाही," साहेब म्हणाले. अजून तोच तोरा! पण मान खाली होती, ती वर केली नाही.

जीपचा हॉर्न वाजला. मी उठले होते, ती परत खाली बसले आणि समोरच्या साडीचं दुसरं टोक उचललं.

"ताणून धरा," ते म्हणाले.

मी धरलं.