सोनोबाच्या घरची पालेभाजी

आमच्या दादाला सगळे सोनोबा म्हणतात. खरं नाव आता त्याच्या बायकोलासुद्धा आठवत नसेल. शहराबाहेर सांडपाण्याचा प्रकल्प आहे. तिथं गटाराचं पाणी साफ करतात आणि तळाला उरलेला काळा गाळ दादा ट्रकनं शेतोशेती पसरतो. तोही फुकट. वर म्हणतो, "सोनखत आहे, सोनखत! जमिनीचं सोनं होईल." म्हणून सोनोबा. डोंबलाचं सोनं!

हा शब्दही त्याचा नाही, आमच्या वडिलांचा. परसातल्या संडासाच्या खड्ड्यातलं ते माती-राख घालून मुरवत ठेवायचे, वास पार गेल्याशिवाय शेताला लावायचे नाहीत. त्याला सोनखत म्हणायचे. त्या खड्ड्यात होतं काय? आमच्या घरातल्या माणसांचं, दुसरं काही नाही. शहराच्या गटारात अख्खं शहर उतरतं. दवाखाने, कपडे रंगवणारे, लोखंडाला चकाकी देणारे कारखाने, सगळ्यांचं पाणी एकाच नळातून येतं. त्या गाळाला दादानं वडिलांचा शब्द चिकटवला आणि मी भुलले.

दादा पहिल्यापासून गोडबोल्या. लहानपणी माझ्या वाटणीचा खाऊ "तुझ्यासाठी सांभाळून ठेवतो" म्हणून घ्यायचा, आणि मला मिळायचा नुसता कागद. मोठेपणी भिंती रंगवल्या, सायकली दुरुस्त केल्या, एक काम धड केलं नाही. सगळीकडे तोंडावर निभावलं. मग हा ट्रक मिळाला. वासामुळे ते काम कुणी घेत नव्हतं, त्यानं घेतलं, हे मी नाकारत नाही. लग्नाकार्यात लोक त्याच्या शेजारची खुर्ची रिकामी सोडायचे, तेही मी पाहिलंय. शेतकरी हाक मारून चहा पाजायला लागले तेव्हा कुठं त्याला पहिल्यांदा मान मिळाला. त्या मानासाठी तो काहीही बोलला असता, आणि बोललाच.

आमच्या घरामागे जमिनीचा लहानसा तुकडा आहे. भाजी लावायची, घरी खायची, उरलेली बाजारात न्यायची. दादा ट्रक घेऊन आला तेव्हा मी त्याला स्पष्ट विचारलं होतं.

"दादा, चालतं ना रे हे? माझी नात याच वाफ्यातलं खाणार आहे."

"अगं, तपासून देतात. जंतू सगळे मेलेले असतात. सख्ख्या बहिणीला वाईट देईन का मी?"

पालक असा फोफावला की येणारे-जाणारे थांबून बघायचे. नात तेव्हा नुकती खायला लागली होती. पालक उकडून, मऊ कुस्करून मी तिला माझ्या हातानं भरवायचे. दादाचे उपकार मानून दर आठवड्याला एक पिशवी त्याच्या घरी पोचती करायचे. जुन्या निळ्या चादरीची चिंधी फाडून पिशवीचं तोंड बांधायचे, दुहेरी गाठ मारून. वहिनी दारातच घ्यायची. "कशाला हो वन्सं एवढी?" असं गोड म्हणायची.

एकदा बाजार लवकर आटोपला म्हणून मी पिशवी घेऊन दुपारीच गेले. मागचं दार उघडं होतं. वहिनी खाली बसून पालक निवडत होती, दुकानातला, रबर लावलेल्या जुडीचा. शेजारी कचऱ्याची बादली होती. बादलीत माझी मागच्या आठवड्याची पिशवी होती. पानं पिवळी पडून सडली होती, आणि निळ्या चिंधीची गाठ सुटलेलीसुद्धा नव्हती.

"वहिनी, हे काय?"

तिचं तोंड पांढरंफटक पडलं. "ह्यांनीच सांगितलंय," ती म्हणाली. "ट्रक जातो त्या शेतातलं घरात शिजवायचं नाही."

"कधीपासून?"

"पहिल्यापासून."

लोका सांगे ब्रह्मज्ञान! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. त्या दिवशीची पिशवी सोडली, तिच्याच चुलीवर तिच्याच पातेल्यात पालक शिजवला. संध्याकाळी दादा आला, साबण लावलावून अंघोळ करून जेवायला बसला. मी ताट पुढं सरकवलं.

"खा."

त्यानं ताटाकडं पाहिलं, मग बायकोकडं.

"तपासतात ना रे? मग खा की!"

"तपासतात गं. जंतू तपासतात."

"आणि बाकीचं?"

"कारखान्याचं पाणी येतं तेव्हा गाळावर निळसर तवंग दिसतो. साहेबांना विचारलं मी. ते म्हणाले, ते तपासायचं आपल्याकडे नाही." मान खाली घालून तो पुढं म्हणाला, "कदाचित काही होणारही नाही. खात्री नव्हती, म्हणून आपलं..."

"खात्री नव्हती म्हणून तुझं ताट वेगळं! आणि माझ्या नातीचं रे? तुझ्या जिभेला हाड आहे का? वडिलांचा शब्द वापरताना लाज नाही वाटली?"

"बरं, खातो. झालं समाधान?" तो चिडून म्हणाला. त्यानं घास उचलून तोंडाशी नेला.

"अहो, नको!" वहिनी किंचाळली आणि तिनं झडप घालून त्याचा हात धरला. घास ताटात पडला. मग तिनं माझ्याकडं पाहिलं आणि रडायला लागली. मला तिची दया आली नाही.

माझ्या नातीच्या वाटीवर असा आडवा हात कुणी धरला नव्हता. घास भरवणारी मीच होते.

घरी आले तशी पदर खोचून वाफ्यात उतरले आणि सगळा पालक मुळासकट उपटला. सून धावत बाहेर आली, नात तिच्या कडेवर. नेहमीची पानं दिसली तशी पोरीनं हात पुढं केला आणि तोंडाचा आ केला.

पालक उपटून झाला. आता जमीन कुठं नेऊन टाकू?