सायकलीला गुलाल

माझी बायको गेली त्याच वर्षी मी पनवेलच्या एका शर्यतीत उतरलो. आधी तलावात पोहायचं, मग सायकल मारायची, मग धावायचं. बोर्डावर ट्रायथलॉन लिहिलं होतं. मी चौथीपर्यंत शिकलेला. तो शब्द माझ्या जिभेवर बसेना, म्हणून मी तिला तिहेरी शर्यत म्हणायचो. अजून लोक विचारतात, बायको मेलेली, वर्ष सरलं नव्हतं, आणि म्हाताऱ्या तुला हे कुठून सुचलं. म्हणून एकदाचं लिहून टाकतो. मला हौस नव्हती. मला माझ्या घरात राहायचं होतं.

ती पावसाच्या आधी गेली. पोटात गाठ होती. डॉक्टर काही बोलायच्या आधी खाली बघायला लागला, तेव्हाच मी समजलो. आम्ही दोघांनी जन्म मिठागरात घालवला. मी फावड्यानं मीठ ओढायचो, ती पाटी डोक्यावर घेऊन बांधावर ढीग घालायची. पुढे सरकारनं जमिनी घेतल्या, मिठागर बंद पडलं आणि मी पळस्प्याजवळच्या एका गोदामावर राखणदार झालो. शेवटच्या वर्षाचं मीठ तिनं एका बरणीत भरून घरात ठेवलं होतं. हवा दमट झाली की ते पाझरायचं, बरणीखाली ओल यायची. ती रोज फडक्यानं पुसायची. ती गेल्यावर मी पुसायला लागलो. घर साधंच, मातीच्या भिंती, वर कौलं, पुढे ओटी. पण भिंत सारवताना तिनं फिरवलेली बोटं अजून तशीच दिसत होती. मी रात्री भिंतीकडे तोंड करून झोपायचो.

आम्हाला एकच पोरगी. डोंबिवलीला दिलेली. त्या वर्षी आमच्याकडे गणपती आणला नव्हता, म्हणून ती सणाला न येता सण झाल्यावर आली. आली तर मी अंगणात आडवा. उन्हात लाकडं फोडत होतो, भोवळ आली. शेजारचे पाणी मारत होते.

मी डोळे उघडले तर ही माझ्या डोक्याशी बसलेली.

"जेवलास काय सकाळी?"

"चहापाव खाल्ला."

"आणि काल?"

"काल पण चहापावच."

"म्हणजे आई गेली आणि तू बेकरीवाल्याकडं दत्तक गेलास," ती म्हणाली. "बाबा, हे घर बंद करायचं. तू माझ्याकडं चल. इथं एकटा मेलास तर आधी कावळ्यांना कळंल, मग मना."

पोरगी माझ्यावर गेलेली. गोड बोलायला तिला कोणी शिकवलं नाही, मी तर नाहीच नाही. जावई भला माणूस होता, त्यानंही निरोप धाडला होता. दोघांचं काही चुकत नव्हतं. पण डोंबिवलीच्या त्या दोन खोल्यांत मी कुठल्या भिंतीकडे तोंड करून झोपणार होतो?

दुसऱ्या दिवशी तिनं मला पनवेलच्या दवाखान्यात नेलं. बाहेर पडलो, तलावाच्या काठानं एसटी स्टँडकडे निघालो, तर तिथं एका तरुण मंडळानं हा शर्यतीचा बोर्ड लावलेला. दिवाळीआधीचा रविवार. तलाव आडवा पोहायचा, सायकलीनं पळस्पे फाट्याला जाऊन यायचं, मग गावाला धावत वेढा घालून तलावावर परत. वयाची अट नाही असंही लिहिलं होतं. मी तिथंच उभा राहिलो.

"ही शर्यत मी पुरी केली तर?"

ती हसली. आई गेल्यापासून मी तिला हसताना पाहिलं नव्हतं. "तू?"

"माझ्या अंगात जीव नाय म्हणतीस ना. पुरी केली तर डोंबिवलीचं नाव काढायचं नाय."

"आणि नाय झाली तर?"

"तर येतो."

"त्याच दिवशी. मी बॅग भरूनच येणार. मागनं कारणं सांगायची नाय."

"भर," मी म्हटलं.

नाव घालायला गेलो तर टेबलावरचा पोरगा म्हणाला, "आजोबा, नातवाचं नाव घालायचंय का?"

"नातू अजून झाला नाय. तोवर माझं घाल."

सराव म्हणाल तर सायकल रोजचीच होती, गोदामावर जायला-यायला. धावणं मला येत नव्हतं, पण चालणं येत होतं, आणि जोरात चाललं की लोक त्याला धावणं म्हणतात. पोहायची मला काळजीच नव्हती. पोरवयापासून खाडीत पडलेला माणूस मी. एक मात्र केलं. चहापाव बंद केला आणि सकाळी पेज शिजवायला लागलो, बरणीतलं चिमूटभर मीठ घालून. पहिल्या दिवशी करपली. ती असती तर म्हणाली असती की मीठ पिकवलंस तेवढं पुरे, चुलीशी येऊ नको.

रविवार उजाडला. ऑक्टोबरचा उकाडा पनवेलकरांना सांगायला नको. पाऊस गेलेला असतो पण पाणी हवेतच असतं. वारा पडलेला, पिंपळाचं पान हलत नव्हतं. नुसतं उभं राहिलं तरी पाठीवरून घाम ओघळत होता. पोरगी पहिल्या गाडीनं आली. हातात खरंच बॅग. माझे सदरे, धोतर आणि भिंतीवरचा आईचा फोटो तिनं आदल्या दिवशीच माझ्यादेखत भरून नेला होता. घाटाच्या पायरीवर बॅग ठेवून ती शेजारी बसली, जशी काही गाडी सुटायचीच बाकी आहे.

शिट्टी झाली. आम्ही पाण्यात पडलो. बाकी सगळी शहरातली तरणी पोरं, डोळ्यांना चष्मे लावलेली. पहिल्या हातालाच मला कळलं की गोडं पाणी माणसाला उचलत नाही. खाडीत अंग आपसूक वर राहतं, इथं कमरेला दगड बांधल्यासारखं झालं. मी म्हटलं, असू दे. खाली मान घातली आणि हात मारत सुटलो.

आता खाडी ओलांडायची एक रीत असते. जिथं पोचायचं तिथं कधी बघायचं नाही. ओहोटीचं पाणी खाली ओढतं, म्हणून चांगलं वरच्या अंगाला तोंड धरायचं, म्हणजे पाणीच तुम्हाला बरोबर जागी आणून सोडतं. आम्ही मिठागराला जायचो तेव्हा बायको होडीत बसायची, तिला पोहता येत नव्हतं, आणि मी शेजारून पोहायचो. पोहणाऱ्या नवऱ्याला न पोहणारी बायको शिकवायची. "वर धर, वर धर" म्हणून ओरडत राहायची. इतकी वर्षं ऐकलेलं कानातून जात नाही. त्या दिवशीही मी वर धरलं. चांगलं वर धरलं.

हात पायरीला लागला. मी डोकं वर काढलं तर समोर चार बाया धुणी धूत होत्या.

"आजोबा, इकडं कुठं?" एकीनं विचारलं. "शर्यत तिकडं उतरली."

बघतो तर खरंच. उतरायचा घाट पार दुसऱ्या कोपऱ्यात, लाल झेंडा लावलेला. तलावाला भरती-ओहोटी नसते हे मला काय माहीत नव्हतं? माहीत होतं. पण अंगाला कोण सांगणार?

"मना ठाव हाय," मी म्हटलं.

"ठाव हाय तर आमच्या कपड्यांत काय करताय?"

चौघी हसायला लागल्या आणि मलाही हसू फुटलं. पाण्यात गळ्यापर्यंत बुडून, पायरीला धरून मी हसत होतो. बायको गेल्यानंतर पहिल्यांदा. तिनं मेल्यावरही मला वाट चुकवली, असं मनात आलं आणि तसंच हसता हसता नाकात पाणी गेलं. पोहणाऱ्यांवर लक्ष ठेवायला हवेच्या ट्यूबवर बसवलेला स्वयंसेवक आला नि म्हणाला की काठानं चालत गेलात तर बाद. मग मी काठाकाठानं पोहत गेलो. लाल झेंड्याशी पोचलो तेव्हा सगळ्या सायकली गेल्या होत्या, माझी एकटी उभी.

माझी सायकल काळी, जड, मागे कॅरिअर. ओल्या अंगानं निघालो आणि हमरस्त्याला लागेस्तोवर अंग वाळायच्याऐवजी जास्तच भिजलं. घामाला जायला जागाच नव्हती, तो अंगावरच राहायचा. ट्रकवाले धूर सोडत जायचे, तो धूर ओल्या अंगाला चिकटायचा. परत येणारी पोरं समोरून भेटायला लागली. त्यांतला एक ओरडला, "काका, दूध घालायला निघालात काय?"

"तुझ्याच घरी," मी म्हटलं.

तोंडानं बोललो, पण छातीत धडधडत होतं. पाय भरून आले होते. अंगणातली ती भोवळ मला आठवत होती. पोरगीनं मला एकदा आडवा बघितला होता, परत पडलो तर डोंबिवली तर आलीच, वर दवाखाना. म्हणून मी एकच ठरवलं. खाली उतरायचं नाही. उतरलो तर बसेन आणि बसलो तर उठणार नाही. चढावर सायकल चालण्यापेक्षा हळू चालली, तरी उतरलो नाही.

पळस्पे फाट्याला, गोव्याचा रस्ता फुटतो तिथं, मंडळाची दोन पोरं ताट घेऊन उभी होती. फाट्याला न जाता कोणी मधूनच वळून येऊ नये म्हणून त्यांनी युक्ती केलेली. वळला त्याच्या कपाळाला गुलाल. परत गेल्यावर ज्याच्या कपाळाला गुलाल त्याचीच सायकल धरायची.

पोरानं चिमूट उचलली तसा मी मान मागं घेतली.

"मना गुलाल नको. घरात वर्ष हाय. मालकीण गेली माझी."

पोराचा हात तसाच राहिला. "पण आजोबा, गुलाल नसला तर फेरी धरत नाहीत."

आमच्यात माणूस गेलं की वर्षभर सण नाही, तोरण नाही, गुलाल तर नाहीच. पोरगी डोंबिवलीत राहूनही पाळत होती. बायकोनं तर तिच्या सासूचं वर्ष असं पाळलं होतं की शिमग्याला घराबाहेर पडली नव्हती. आणि मी तिच्या वर्षात कपाळ लाल करून पनवेलात शिरणार? नाही. पण गुलाल नाही तर शर्यत नाही, शर्यत नाही तर घर नाही. मागं फिरायचं तर दोन्हीकडून गेलो. एक पाय टेकवून मी उभा होतो, डोक्यावर ऊन, आणि पोरगं चिमूट धरून माझ्या तोंडाकडे बघत होतं.

"सायकलीला लाव," मी म्हटलं.

"काय?"

"सायकलीला लाव गुलाल. सायकलीच्या घरात कोण मेलं नाय."

दोघं एकमेकांकडे बघायला लागले. मग मोठा म्हणाला, "लाव रे. सांगू आपण तिकडं." आणि त्यानं चिमूट नाही, मूठभर गुलाल माझ्या हँडलला चोळला, मुठींनाही. पाण्याचा एक तांब्या दिला. मी तो डोक्यावर ओतून घेतला आणि वळलो.

तलावावर लाल झेंड्याशी मंडळाच्या पोरानं माझ्या तोंडाकडे एकदा बघितलं आणि फेरी धरली. सायकल तिथंच टाकून धावायला लागलो तेव्हा चपला फटफट वाजायला लागल्या, म्हणून काढून सायकलीलाच अडकवल्या. डांबर तापलं होतं. मी कडेच्या मातीवरून गेलो. मिठाच्या पाण्यात तळवे असे झालेले की माती मला गादीच. धावलो थोडं, बाकी चाललो. बाजारात लोक मला वाट देत होते आणि विचित्र बघत होते. ते का, ते मला कळलं नाही. पोटरीत गोळे आले तर एका दुकानाच्या खांबाला धरून पाय ताणला, पण पायरीवर बसलो नाही. दुकानदार स्टूल पुढं करत होता. त्याला म्हटलं, "ते आत ने, बघवत नाय."

मागून मोटरसायकलवर मंडळाचा एक जण आला. "आजोबा, बक्षिसं वाटून झाली. बसा मागं, सोडतो तलावावर."

"तुमची झाली असंल. माझी पोरगी तिथं बॅग घेऊन बसलीय."

त्याला काही कळलं नाही, पण तो माझ्याच वेगानं शेजारून गाडी चालवत राहिला. भला असावा.

तलावाशी मांडव उतरवायला घेतला होता. खुर्च्या एकात एक घातलेल्या. शर्यत जिथं संपायची ती फक्कीची पांढरी रेघ पायांनी पुसली गेली होती, थोडी थोडी उरलेली. मी त्या उरलेल्यावर पाय दिला. मोटरसायकलवाल्यानं एकट्यानं टाळ्या वाजवल्या.

पोरगी पायरीवरून धावतच आली. तिचं तोंड पांढरं पडलेलं.

"बाबा, डोकं कुठं फुटलं? रगात—"

तिनं माझं कपाळ धरलं, बोटं लाल झाली, तिनं ती बघितली. तेव्हा मला समजलं की बाजारात लोक का बघत होते. हँडलचा गुलाल माझ्या हातांना लागला होता आणि मी सगळी वाट त्याच हातांनी तोंडाचा घाम पुसत आलो होतो. कपाळ, गाल, छातीपर्यंत.

"रगात नाय. गुलाल हाय."

"वर्षाच्या आत गुलाल लावून घेतलास?"

"मी नाय. सायकलीला लावला." मग सगळं सांगितलं. दम लागत होता तसं तुकड्यातुकड्यांनी. सायकलीच्या घरात कोण मेलं नाय, हे सांगितल्यावर तिनं तोंड फिरवलं. हसत होती की रडत होती, मी बघितलं नाही. माझ्या बाजूनंही तेच चाललं होतं, गुलालामुळं दिसत नव्हतं इतकंच.

मग ती पायरीशी जाऊन वाकली. बॅगेची चेन उघडली, आईचा फोटो बाजूला केला, खालून एक वाळका सदरा काढला आणि माझ्या अंगावर टाकला.

"खाली पाण्याशी जाऊन तोंड धू आधी," ती म्हणाली. "हे असं गावात शिरलास तर लोक काय म्हणतील. बाकीचे सदरे घरी गेल्यावर तुझे तू खुंटीला लाव. मना संध्याकाळची गाडी हाय."