खूण दिल्यावर

आदिलाबादच्या सरकारी दवाखान्यात मी विसरण्याच्या आजाराची पत्रकं वाटायला जातो. तिथं स्मरणशक्ती तपासणाऱ्या एक बाई आहेत. विसरणाऱ्या प्रत्येक म्हाताऱ्यावर ‘वय झालं’ असा शिक्का मारणाऱ्यांची मला चीड येते. बाई चिडत नाहीत. त्या काही शब्द सांगतात, इकडचं तिकडचं बोलतात, मग तेच शब्द विचारतात. आठवलं नाही, तर खूण देतात, म्हणजे शब्द कशातला होता ते सांगतात, आणि वाट बघतात.

परवा एका आजींना खूण देऊनही आठवेना. “मले कोनी काई सांगतलंच नाई, बाई.”

“राहू द्या, आई,” म्हणत बाईंनी विचारणं थांबवलं.

पुढच्या आजोबांनाही शब्द आठवेनात. त्यांचा मुलगा म्हणाला, “बुढ्याचं डोकं गेलं, मॅडम. बीपीच्या गोळ्या बंद केल्या म्या. कायले द्याच्या आता?”

“तुम्हीच खूण द्या,” बाई म्हणाल्या. “ मसाल्यातलं होतं म्हणा.”

मुलानं नाइलाजानं विचारलं. आजोबा बराच वेळ ओठ हलवत राहिले. “हयद.”

बाई म्हणाल्या, “मघाच्या आजींच्या डोक्यात शब्द टिकलाच नाही. यांचा आत आहे, सापडत नाही. हे बीपीमुळं असू शकतं. गोळी सोडली तर आहे तेही जाईल.”

 मुलगा खालच्या आवाजात म्हणाला, “गोळी जेवनाच्या आंधी द्याची का मंग, मॅडम?”