हिराबाईंच्या सासूबाई

"परसात जपून जा हां मास्तर, आमच्या सासूबाय दारात बसल्या असतील!" कोपरखैरण्याच्या गावठाणात हिराबाईंची खोली भाड्याने घेतली, त्या संध्याकाळी मला मिळालेली ही पहिली सूचना. म्हटलं, थोरामोठ्यांना नमस्कार करून यावा. जाऊन बघतो तर जांभळीच्या मुळाशी एक बीळ, बिळाच्या तोंडाला जाळ्याचं रेशमी अस्तर, आणि आत तळहाताएवढी केसाळ टॅरँटुला, कोळ्यांतली थोरली जात! शाळेत जीवशास्त्र शिकवणारा मी, पण टुणकन मागे उडालो. हिराबाई पदर तोंडाला लावून हसत होत्या.

"खऱ्या सासूवानीच हाय. घर सोडत नाय, नि दारात कोन आला-गेला, सगलं बघते. दादला बिचारा बायको शोधत हिंडला नि मेला." हे मात्र शंभर टक्के खरं. या कुळीतला नर वयात आला की मादीच्या शोधात भटकतो आणि लवकर मरतो. मादी त्याच बिळात वर्षानुवर्षं काढते. हिराबाईही तशाच. नवरा गेला होता, पण त्याने लावलेल्या जांभळीला त्या कुणाला हात लावू देत नसत.

आणि धाकटा दीर दामूशेठ नेमकी तीच पाडून तिथे भाड्याच्या खोल्या बांधायला टपलेला! त्याचे गडी कुऱ्हाड घेऊन येत आणि बीळ बघून परत जात. हिच्या चाव्याने माणूस जागच्या जागी मरतो, अशी गावाची खात्री. चावा ठणकतो, पण मरत कुणी नाही, हे मला ठाऊक होतं. पण मला कोण विचारतो! आणि हिराबाईंच्या हातची बोंबलाची चटणी खाणाऱ्याने फार बोलूही नये.

एका सकाळी हिराबाई रडतच आल्या. "मास्तर, सासूबाय गेल्या!" बिळाच्या तोंडाशी बाई उताण्या, पाय वर. मी म्हटलं, "अहो, मेली नाही, कात टाकतेय ती." हिराबाईंनी डोळे पुसले. त्या डोळ्यांत जी चमक आली, ती बघून मला दामूशेठची कीव आली. "कोनाला बोलू नको, माजी शपथ हाय," म्हणाल्या, आणि त्यांनी पुन्हा गळा काढला. आधीपेक्षा मोठ्याने.

चार दिवसांनी दामूशेठ गड्यांसकट हजर. "वयनी, सासू मेली ना? आता तरी तोडू दे." गडी पुढे झाले, तर बुंध्यावर एक टॅरँटुला आणि बिळात दुसरी, नवीकोरी! "अरे बापरे, एक मेली नि दोन झाल्या!" कुऱ्हाड तिथेच टाकून सगळे पळाले. बुंध्यावरची होती रिकामी कात. हिराबाईंनी भाताच्या पेजेने चिकटवलेली. पुढे पडेल ती कात जांभळीवर चढू लागली, आणि गावाच्या लेखी सासूबाईंचं खानदान वाढत गेलं.

हिराबाई गेल्या, तेव्हा सख्खी मावशी गेल्यासारखा मी रडलो. कार्य उरकलं आणि दामूशेठ कुऱ्हाड घेऊन एकटाच परसात आला. बुंध्यावर तीन काती होत्या. तिन्ही रिकाम्या, मीच आदल्या दिवशी नव्याने पेज लावलेल्या.

"मास्तर, तू शिकलेला मानूस. खरं सांग. या रिकाम्याच हायत ना?"

"दोन रिकाम्या आहेत, दामूशेठ," मी म्हणालो. "पण कुठल्या दोन, ते फक्त तुमच्या वहिनींनाच ठाऊक होतं."