नावं पाच, लेखणी एक

अ‍ॅशबर्न या अमेरिकेतल्या गावातल्या निम्म्या मराठी घरांचा लेखनिक म्हणजे संग्राम निकम. नोकरी त्याची डेटा सेंटरमध्ये, मशिनं थंड ठेवायची. पण कोणाच्या मुलीला कॉलेजसाठी शिफारसपत्र हवं असो, नाहीतर कोणाला भाड्याच्या घरासाठी चार चांगले शब्द, फोन संग्रामलाच जातो. तो मजकूर लिहून देतो आणि सही करणारा सही करतो. आपल्याकडची रीतच आहे ती. ज्याला शिफारस हवी त्यानेच मसुदा न्यायचा, साहेबाला त्रास द्यायचा नाही. मी पुण्यात पंचवीस वर्षं कॉलेजच्या ऑफिसात काढली, तिथेही हेच चालायचं आणि त्यात कोणाला काही वावगं वाटत नसे.

माझी इथली नोकरीही संग्रामने लिहिलेल्या पत्रावरच मिळाली. सही शेजारच्या डॉक्टरांची होती. जवळच्या एका जुन्या कागदपत्रांच्या संग्रहात मी आठवड्यातून तीन दिवस जाते. सव्वादोनशे वर्षांपूर्वी या भागातून निवडून गेलेल्या एका काँग्रेसमनला, म्हणजे इथल्या खासदाराला, लोकांनी लिहिलेली पत्रं तिथे आहेत. ती वाचून मी कॉम्प्युटरवर उतरवते. तिथल्या पोरांना ते तिरकं अक्षर लागत नाही, आणि माझा जन्म लोकांची अक्षरं लावण्यातच गेलाय. देश तेव्हा नवा होता, मागण्या मात्र ओळखीच्या. मेहुण्याला बंदरावर जकातीत चिकटवा, मुलाला आरमारात घ्या, राजधानीहून, म्हणजे तेव्हाच्या फिलाडेल्फियाहून, येताना आईला चष्मा आणा. सुरुवातीला मला फार हसू यायचं. पुढे पुढे त्या वाकलेल्या ओळींमागची भीती दिसायला लागली.

जुलैतल्या एका सोमवारी संग्राम घरी आला. त्याच्या व्हिसाची सहा वर्षं ऑक्टोबरमध्ये संपणार होती. आपलं काम या देशाच्या उपयोगाचं आहे असा अर्ज त्याला करायचा होता. तो ऑक्टोबरच्या आत मंजूर झाला तर आणखी तीन वर्षं, नाहीतर बायको रुपाली आणि नववीतली मुलगी रुही यांना घेऊन परत जायचं. कागद शुक्रवारपर्यंत वकिलाकडे पोचायला हवे होते. त्याच्या क्षेत्रातल्या पाच जणांची शिफारसपत्रं तयार होती, सह्यांसकट. मी फक्त इंग्रजीवर नजर टाकायची होती.

तिसरं पत्र वाचताना मी घाबरून पहिलं पुन्हा काढलं. "त्याचं काम थांबलं तरच लोकांना दिसतं" हे वाक्य पहिल्या पत्रात होतं आणि तिसऱ्यातही. पाचव्यात तेच जरा फिरवून घातलं होतं. पाच लेटरहेड, पाच सह्या, आणि आत बोलणारा माणूस एकच.

मी घाबरले ते उगीच नाही. त्याच आठवड्यात मी एका सुताराचे कागद उतरवले होते. त्याला गावाचा पोस्टमास्तर व्हायचं होतं. तीन प्रतिष्ठितांनी त्याची शिफारस केली होती. सह्या वेगळ्या, पण मजकुराचं वळण एकाच हाताचं. शेवटच्या पत्राच्या पाठीवर काँग्रेसमनने शेरा मारला होता: नावं तीन, लेखणी एक. जागा दुसऱ्याला गेली. पुढच्या वर्षीच्या गठ्ठ्यात त्या सुताराच्या बायकोचं पत्र आहे. त्यात पोस्टाचं नावही नाही, फक्त मुलांना घेऊन राहायला कुठे खोली मिळेल का, एवढंच विचारलंय.

संग्रामला हे सांगितलं तर तो हसला. म्हणाला, "काकू, सगळे असंच करतात. लॉयरनेच सांगितलं, ड्राफ्ट तुम्हीच पाठवा म्हणून." मी दोन पत्रं शेजारी ठेवली आणि वाक्याखाली बोट धरलं. त्याचं हसू गेलं. मी तापट आहे, त्याला चांगलंच झापलं, आणि मग त्याचा चेहरा बघून माझी मलाच लाज वाटली.

त्याने तिथेच बसून पाचही जणांना लिहिलं, की स्वतःच्या शब्दांत चार ओळी द्या. गुरुवारपर्यंत तिघांची उत्तरं आली. त्यातल्या एका प्राध्यापकांनी कळवलं, की तुमच्या मजकुराशी मी सहमत आहे, माझ्याकडे भर घालण्यासारखं काही नाही. एका मॅनेजरने लिहिलं, की संग्राम वेळेवर येतो आणि नम्र आहे. पुण्याचे त्याचे जुने साहेब फोनवर म्हणाले, अरे तूच लिही, तुझ्यासारखं मला कुठे जमतं.

संध्याकाळी मी त्यांच्याकडे गेले. रुपाली एकच पातेलं पुन्हा पुन्हा घासत होती. रुही जिन्यावरून खाली आली आणि तिने विचारलं, "बाबा, आर वी मूव्हिंग?" तो म्हणाला, नाही गं, पेपरवर्क चाललंय. ती वर जाईपर्यंत तो थांबला. मग तीच उत्तरं पुन्हा वाचत मला म्हणाला, "काकू, माझ्याबद्दल कोणाकडे काहीच नाही का?"

मी तरातरा घरी आले. त्या पाच जणांचा इतका संताप आला होता की मीच त्याचं पत्र लिहायला बसले. माझ्या पत्राला व्हिसाच्या ऑफिसात कोणी विचारणार नव्हतं, ठाऊक होतं मला. पण निदान त्याला तरी वाचायला मिळेल. पहिलं वाक्य झरकन उतरलं: त्याचं काम थांबलं तरच लोकांना दिसतं. त्याचंच वाक्य. ते माझ्या नोकरीच्या पत्रातही होतं, तेव्हा मी कौतुकाने दोनदा वाचलं होतं. पुढे काय लिहावं ते तासभर सुचेना. सहा वर्षं मी त्याच्याकडून पत्रं लिहून घेतली, पण तो दिवसभर काय करतो, त्याला काय आवडतं, हे कधी विचारलंच नव्हतं. कागदावर तेवढं एकच वाक्य राहिलं.

शुक्रवारी त्याने वकिलाला जुनीच पाच पत्रं दिली. वाक्य बदलायचं तर पुन्हा सह्या घ्याव्या लागल्या असत्या, आणि तेवढा वेळ नव्हता.

उत्तर अजून आलेलं नाही. सप्टेंबर संपत आला. रुहीने शाळेच्या नाटकात भाग घेतलाय, प्रयोग नोव्हेंबरात आहे, आणि तिला नको म्हणायचं धाडस घरात कोणाला होत नाही. मी कामावर जाते, पत्रं उतरवते. पण कागदाची पाठ बघायची वेळ आली की माझा हात थांबतो. तिथे काय शेरा असेल याची मला भीती वाटते.